राजाची साडेबारा वर्षं

डच लोक साडेबारा वर्षांचा सोहळा करतात हे मला पहिल्यांदा कळलं, तेव्हा हसून हसून माझी मुरकुंडी वळली होती. पंचवीस मी समजू शकते, पन्नास समजू शकते. पण पंचविशीपर्यंत दम निघत नाही म्हणून अर्ध्या वाटेवरच केक कापायचा, आणि अर्धं करताना वर्ष मोडलं तर मोडू द्यायचं, ही कुठली तऱ्हा? पण करतात. लग्नाला साडेबारा वर्षं झाली की शेजारीपाजारी जमून त्या जोडप्याच्या दाराला हिरव्या डहाळ्यांची कमान बांधतात, कागदाची फुलं खोचतात आणि मधोमध पुठ्ठ्याचा भला मोठा साडेबाराचा आकडा टांगतात. पंचविशीची चांदी, तसं हे तांबं. एकाच नोकरीत साडेबारा वर्षं टिकलेल्या माणसालाही ऑफिसात मधे उभं करून टाळ्या वाजवतात.

सासूबाई गेल्या वर्षी दिवाळीला पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, त्याही हसतील. त्या चकली मोडत म्हणाल्या, "त्यात हसण्यासारखं काय आहे? आपले मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, आणि शनी मागे लागला तर साडेसात वर्षं सोडत नाही. अर्ध्याचं वावडं आपल्याला कधीपासून झालं?"

मी एक चकली तोंडात टाकली. सासूबाईंपुढे गप्प बसण्याचे प्रसंग माझ्यावर वारंवार येतात.

हा विषय निघाला तो आमच्या शेजारणीमुळे. नीउ-व्हेनेप या डच गावात आमची घरं एकाला एक चिकटून आहेत; तिची आणि आमची भिंत एकच. ती चौऱ्याऐंशी वर्षांची. गल्लीतली मुलं तिला ओमा म्हणतात, म्हणजे आजी, म्हणून मोठेही ओमाच म्हणतात. उंच, ताठ, आणि कमरेच्या दुखण्यामुळे चालवत नाही म्हणून बॅटरीवरच्या स्कूटरवर बसून फिरणारी. ती स्कूटर ती अशी हाणते की दुकानासमोरचे तरणेताठे लोक बाजूला होतात. आणि ओमा राजघराण्याची भक्त. दुसरा शब्द नाही. तिच्या काचेच्या कपाटात राण्यांची चित्रं असलेले कप आहेत, त्यांतून ती कुणालाही कॉफी देत नाही. राजाबद्दल ती अशी बोलते, जसं काही तो तिचा भाचा आहे आणि अधूनमधून जरा वजन वाढवून बसतो.

त्याच वर्षी सप्टेंबरात एका दुपारी तिने मला कॉफीला बोलावलं आणि न विचारता दोन बिस्किटं दिली. तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

"ऑक्टोबरच्या शेवटी राजाला राज्यावर येऊन साडेबारा वर्षं होतात," ती म्हणाली. आमचं बोलणं डचमध्ये चालतं. माझं मोडकंतोडकं, तिचं खणखणीत. "आणि कुणीही काही करत नाहीये. मी सगळीकडे विचारलं. मिरवणूक नाही, बँड नाही, काही नाही."

"पंचवीस वर्षांचा होईल ना मोठा सोहळा," मी म्हणाले.

"तेव्हा मी सत्त्याण्णव वर्षांची असेन. आणि आमचे राजे-राण्या मरेपर्यंत थांबत नाहीत, निवृत्त होतात. मधेच मुलीला खुर्ची दिली तर मी काय करू?"

मग तिने मला सांगितलं. ती सात वर्षांची होती तेव्हा आत्ताच्या राजाच्या पणजीला राज्यावर येऊन पन्नास वर्षं झाली. युद्ध संपून तीनच वर्षं झाली होती, कापड मिळत नव्हतं. आईने उशीचा जुना अभ्रा केशरी रंगवून त्याचा पट्टा शिवला, खांद्यावरून तिरका घालायचा. केशरी हा राजघराण्याचा रंग. गावातल्या सगळ्या मुलांची मिरवणूक निघणार होती. आदल्या दिवशी हिच्या अंगावर गोवर उठला. मिरवणूक दारावरून गेली आणि हिने ती खिडकीतून पाहिली, पट्टा फ्रॉकवर घालून. पुढे राजाच्या आजीला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा ओमा वरच्या खोलीत बाळंत होत होती. बँड खालून गेला तो तिला नुसता ऐकू आला. मग राजाच्या आईची पंचविशी. तेव्हा नवरा शेवटच्या दुखण्यात होता, त्याचा पलंग खालच्या खोलीत खिडकीशी आणून ठेवला होता. तो म्हणाला, तू जा बाहेर. ती गेली नाही. दोघांनी आतून हात हलवले.

"माझ्या आयुष्यात तीन मिरवणुका दारावरून गेल्या," ओमा म्हणाली, "आणि तिन्ही वेळा मी काचेच्या आत. मला एकदा रस्त्यावर चालायचंय. चालणं जमणार नाही, स्कूटरवर बसून. पण रस्त्यावर."

हे तिने रडून वगैरे सांगितलं नाही. तिने ते असं सांगितलं, जसं नळ गळतोय आणि माणूस बोलवायला हवा. मलाच भरून आलं. मी तिथल्या तिथे म्हणाले, ओमा, मिरवणूक मी काढते.

आणि घरी येऊन मी जेवताना हे नवऱ्याला सांगितलं. तिथे माझं चुकलं.

आमच्या गावात मराठी घरं जेमतेम वीस. पण मंडळ आहे, आणि मंडळ म्हटलं की अध्यक्ष आला. तो अध्यक्ष माझ्या पदरात पडलेला आहे. एरवी हा माणूस दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरच्या सिस्टिम्स सांभाळतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण मंडळाचं नाव काढलं की त्याच्या अंगात येतं.

"म्हणजे राज्याभिषेकाचा ताम्रमहोत्सव!" तो म्हणाला. घास तसाच हातात. "दिवाळीनंतर लगेच. कंदील लावलेलेच असतील. जवळच्या बुइटनव्हेल्डर्टचं ढोल-ताशा पथक बोलावू. त्यांचे फेटे केशरी, राजाचा रंग केशरी. अगं, मॅच होतंय सगळं!"

"ओमाला फक्त मिरवणूक हवी आहे."

"आहे ना मिरवणूक. आधी दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, सत्कार. शाल-श्रीफळ लागेल. मग अध्यक्षीय भाषण. शेवटी मिरवणूक."

"शेवटी नाही. आधी."

"बरं, आधी," तो म्हणाला. आमची मुलगी चौदा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत देते. ती म्हणाली, "बाबा, द किंग इज नॉट इव्हन कमिंग. हू विल यू गिव्ह द कोकोनट?"

बाबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढचा महिनाभर आमच्या घराचं लग्नघर झालं. गल्ली दुपारपुरती बंद ठेवायची परवानगी त्याने गेमेंटेकडून, म्हणजे आमच्या नगरपालिकेकडून, हसत हसत मिळवली. समोरच्या डच शेजाऱ्यांनी आधी खांदे उडवले. राजाचा वाढदिवस असतो तेवढा पुरे, असं त्यांचं म्हणणं. पण ओमासाठी म्हटल्यावर एकाने तंबू दिला आणि दुसरीने वाटाण्याचं दाट सूप करायचं कबूल केलं. नवरा मात्र पथकाशी फोनवर बोलताना ओमाला दर वेळी एक पायरी वर चढवत होता. खरं तर तिने एकदा कुठेशी गर्दीत राणीशी हात मिळवला होता, एवढंच. पण "आमच्या शेजारच्या ओमांची ओळख आहे हं राजघराण्यात" इथून सुरू होऊन गाडी "त्यांचं थेट राजवाड्यात कनेक्शन आहे, आतल्या बातम्या आधी त्यांना कळतात" इथपर्यंत गेली. मी म्हटलं, अरे किती फेकशील? तो म्हणाला, पथक फुकट येतंय, जरा उत्साह नको का वाढवायला?

माझ्याकडे हाराचं काम होतं. ते माझं खरंच काम आहे. मी नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले तेव्हा बी. कॉम.च्या पदवीला कुणी विचारत नव्हतं, आणि पहिल्या गणपतीला मला प्लास्टिकचा हार घालावा लागला. त्याची मला इतकी चीड आली की पुढच्या वर्षी मी स्वतः ओवायला बसले. फुलांचा मोठा लिलाव इथून हाकेच्या अंतरावर. सगळ्या जगाला फुलं जातात आणि आमचा गणपती प्लास्टिक घालून बसतो, म्हणजे काय! आता लायडनपासून माझ्याकडे लोक हार न्यायला येतात. ओमाच्या स्कूटरसाठी मी केशरी शेवंती आणि छोट्या जरबेऱ्याचा हार केला. मनगटाएवढा जाड, मधे मधे पांढरी फुलं, खाली पदक. इतका देखणा हार मी आजवर कुठल्या नवरदेवालाही दिलेला नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून तो तंबूच्या बाहेरच्या टेबलावर ठेवला.

शनिवार उजाडला तो ढगाळ. दुसऱ्या दिवशी तुळशीचं लग्न, त्यामुळे आमच्या दारावर आकाशकंदील होताच. मिरवणूक तीनला निघायची होती. गल्लीतली मुलं सायकलींना केशरी कागद गुंडाळून तयार. मी ओमाकडे गेले तर ती कोट घालून, टोपी घालून, खुर्चीच्या टोकावर बसलेली. दिवाळीपासून आमच्याकडेच असलेल्या सासूबाईंचीही तिच्याशी गट्टी जमली होती. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नाही, पण गुडघे आणि सुना या विषयांवर त्यांचं छान चालायचं. ओमाने माझ्यासमोर एक डबा उघडला आणि त्यातून तो पट्टा काढला. उशीच्या अभ्र्याचा. रंग उडून जर्दाळूसारखा झालेला. तिच्या खांद्यावरून तो कमरेपर्यंत कुठला पोचायला! मी त्याला सेफ्टी पिनने माझी ओढणी जोडली, तेव्हा कुठे तो तिरका बसला.

"छान दिसतो का?" तिने विचारलं.

"राणीसारखा," मी म्हणाले.

"राणीसारखा नको," ओमा म्हणाली. "मिरवणुकीतल्या मुलीसारखा हवाय."

आम्ही बाहेर आलो. ओमा स्कूटरवर चढली. मी तंबूच्या बाहेरच्या टेबलावर हार शोधला, तो नव्हता. म्हटलं नवऱ्याने हलवला असेल, बघू नंतर. तीन वाजले. पथकाचा पत्ता नाही. वाटलं, ट्रॅफिक असेल. साडेतीन वाजले. पथकप्रमुख बाई फोन उचलेना. ती बँकेत मोठ्या हुद्द्यावर, वेळेची पक्की, मिनिटाला मिनिट धरून चालणारी. तिने फोन उचलू नये? आणि मग पाऊस आला, इथला तो आडवा, सुईसारखा. मुलांच्या सायकलींवरच्या कागदाचा रंग वितळून चाकांवर ओघळला. सूपवाली शेजारीण पातेल्यावर छत्री धरून उभी राहिली. आयांनी मुलांना आडोशाला घेतलं.

ओमा भर रस्त्यात स्कूटरवर बसून होती. टोपीच्या कडेवरून पाणी टपकत होतं. मी तिच्यावर छत्री धरली, तर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी जरा आत बसते. ते आले की सांग."

"येतीलच ओमा, पाचच मिनिटं."

"काही हरकत नाही," ती म्हणाली. "मला सवय आहे."

तिला दारापर्यंत सोडून मी वळले आणि सहज मागे पाहिलं. ओमा खिडकीत येऊन बसली होती. कोट अंगावर, टोपी डोक्यावर, पट्टा तिरका, आणि मधे काच.  अशा वेळी मला रडू येत नाही, राग येतो. मी तडक तंबूकडे निघाले, नवऱ्याला फाडून खायला. वाटेत सासूबाई भेटल्या, भज्यांचं ताट घेऊन, त्याही बरोबर आल्या.

तंबूत पाऊल टाकलं आणि सासूबाई दारातच थबकल्या.

"अगंबाई!" त्या म्हणाल्या. "कधी गेले?"

समोर टेबल. टेबलावर पांढरी चादर. चादरीवर ओमाने सजावटीसाठी दिलेली राजाची तसबीर, गालात हसणारी. तिच्यापुढे तेवणारी समई, तिच्या बाजूला उदबत्त्यांचा पुडाच्या पुडा पेटलेला, आणि तसबिरीला हार. माझा हार. मनगटाएवढा जाड, खाली पदक.

सासूबाईंनी भज्यांचं ताट बाजूला ठेवून हात जोडले होते.

"गेले नाहीत हो आई!" नवरा पुढे आला. "प्रतिमापूजन केलंय. कार्यक्रमाला करतात ना, तसं."

"मेल्या, प्रतिमापूजन देवाचं करतात, थोर पुरुषांचं करतात! जित्याजागत्या माणसाच्या फोटोला हार घालून पुढ्यात दिवा ठेवतं का कुणी? लोक काय समजतील?"

"लोक काय समजणार? इथल्या लोकांना तर खूप आवडलं. त्या सूपवाल्या बाईंनी कौतुक केलं."

"तू फोटो काढलास का याचा?" मी विचारलं. माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता.

"काढला की. सगळ्या ग्रुपवर टाकलाय."

"खाली काय लिहिलंस?"

"समई सांभाळत होतो गं, वाऱ्याने विझत होती. हात कुठे मोकळा होता? नुसताच टाकला."

मी त्याचा फोन हिसकावून घेतला. उघडला आणि वाचायला लागले. भावपूर्ण श्रद्धांजली. ओम शांती. ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो. पुण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणी लिहिलं होतं, फार मनमिळाऊ स्वभाव होता. कुणी विचारलं होतं, अंत्यदर्शन किती वाजेपर्यंत आहे. नाशिकच्या आत्याबाईंनी लिहिलं होतं, तुझे साहेब होते का रे, फोटोत बघून तब्येत चांगली वाटते. आणि सगळ्यात खाली पथकप्रमुख बाईचा निरोप: "व्हेरी सॉरी टु हिअर धिस. न्यूजमध्ये अजून काही नाही, पण ओमांना आतून कळलं असणार. आम्ही परत फिरतोय, अशा वेळी ढोल वाजवणं बरं दिसणार नाही. ओमांना जपा."

मी हसायला लागले. खरं तर मला त्याचा गळा धरायचा होता, पण हसू आवरेना. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सासूबाईही तोंडाला पदर लावून हलत होत्या. नवरा गंभीरपणे आमच्याकडे बघत म्हणाला, "थेट राजवाड्यात कनेक्शन हे मी जरा..." आणि मग त्यालाही फुटलं.

मी बाहेर पळत येऊन फोन लावला. या वेळी बाईने उचलला आणि अगदी हळू आवाजात, मयताच्या घरी बोलतात तसं, म्हणाली, "हॅलो. बोल गं."

"अगं, राजा जिवंत आहे!"

"काय?"

"राजा जिवंत आहे! ठणठणीत आहे! तो हार चुकून घातलाय!"

"शुअर आहेस ना? ऑफिशियल कन्फर्मेशन आहे का?"

"अगं बाई, तो मेलाच नव्हता तर कन्फर्मेशन कुठून आणू?" मी भर गल्लीत, भर पावसात ओरडले. "राजा जिवंत आहे! तुम्ही उलटपावली या!"

आडोशाची सगळी डच मंडळी माझ्याकडे बघायला लागली. सूपवालीने माझ्या मुलीला विचारलं, काय म्हणतेय तुझी आई? मुलीने शांतपणे डचमध्ये सांगितलं, आई म्हणतेय, राजा जिवंत आहे.

 मग सूपवालीने डाव वर केला आणि मोठ्यांदा म्हणाली, "राजा चिरायू होवो!" आणि आख्खी गल्ली एका सुरात, "हुरा! हुरा! हुरा!" हा त्यांचा रिवाजच आहे, कुणी एक बोललं की बाकीच्यांनी तीनदा हुरा करायचं. त्यांना वाटलं, कार्यक्रम सुरू झाला.

पथक लांब गेलं नव्हतं. वाटेत पेट्रोल पंपावर थांबून सगळे फेटे काढून, माना खाली घालून कॉफी पीत होते. तासाभरापूर्वी आनंदाने निघालेली माणसं ती. बाई म्हणाली, आम्ही राजासाठी दोन मिनिटं शांतसुद्धा उभे राहिलो, पंपावरच्या मुलाला वाटलं, आमचं कार्ड चालत नाहीये.

इकडे सासूबाईंनी तंबूचा ताबा घेतला. हार उतरवला, समई घरी पाठवली आणि मीठ-मोहरी मागवून राजाच्या तसबिरीवरून उतरवून टाकली. "परक्या मुलुखातला झाला म्हणून काय झालं, कुणाचा तरी मुलगा आहे," त्या म्हणाल्या. तो हार ओमाच्या स्कूटरला बांधायचा मी विचार करत होते, त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. "आता तो तिला नको." मग आमच्या दारावरचा आकाशकंदील त्यांनी स्वतः काढायला लावला आणि तो स्कूटरला पुढे लटकवला. बॅटरीवरचा दिवा आत होता. अंधारून येत होतं, त्यामुळे तो छान दिसला.

आता फक्त ओमाला बाहेर आणायचं होतं. ती येईना.

मी तिच्या खोलीत गेले तर ती खिडकीतच. "पाऊस आहे," ती म्हणाली. "कंबर धरलीय. इथून मला चांगलं दिसतं."

"ओमा, ते येतायत. वाटेत आहेत."

"येऊ देत. मी इथून हात हलवीन. मला येतं ते. इतकी वर्षं केलंय."

मला तिचा इतका राग आला! सप्टेंबरपासून मी, माझा नवरा, आख्खी गल्ली, बुइटनव्हेल्डर्टचे वीस लोक, सगळे राबतोय, आणि ही बाई काचेच्या आत बसायला शिकलीय. मी म्हणाले, "ओमा, तुमची कंबर सप्टेंबरातही हीच होती. पाऊस तर तुमचाच आहे, तुम्ही त्याला कधीपासून भ्यायला लागलात? तुम्ही पावसाला घाबरत नाही आहात. तुम्हाला वाटतंय, आता बाहेर गेले आणि परत काही झालं नाही तर."

तिने टोपी नुसती नीट केली. मी चुकीचं बोलले की काय म्हणून जीभ चावली.

तेवढ्यात कोपऱ्यावर पहिला ढोल वाजला.

ज्यांनी बंद खोलीत ढोल ऐकला असेल त्यांना माहीत आहे, तो आधी कानात येत नाही. आधी काच थरथरली. मग काचेच्या कपाटातल्या राण्या एकमेकींवर किणकिणायला लागल्या. ओमाने कपाटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि मोठ्या डोळ्यांनी म्हणाली, "हे इथे वाजतंय!"

"तिथेच वाजतं ते," मी म्हणाले.

ती उठली. मी हात पुढे केला, तो तिने धरला नाही.

मग काय विचारता. ओमा सगळ्यांच्या पुढे. तिने स्कूटरचा कान पिळला आणि अशी निघाली की पथकाची त्रेधातिरपीट उडाली. ढोल वाजवत सावकाश चालायची त्यांची सवय. इथे त्यांना वाजवत वाजवत पळावं लागत होतं. केशरी फेटे घाईत बांधलेले, एकाचा सुटून शेपटासारखा मागे उडत होता. मागे रंग उडालेल्या सायकली, त्यांच्या मागे डाव घेतलेली सूपवाली, तिच्या नवऱ्याच्या हातात आमची झांजांची एक जोडी. तो चुकीच्या ठिकाणी वाजवत होता आणि त्याला कुणी अडवत नव्हतं. अध्यक्ष लेझीम खेळत होते. भाषणाची आठवणही कुणाला राहिली नाही, आणि ते त्याला स्वतःलाही चाललं, हे मी लिहून ठेवते. पाऊस पडतच होता. मी सासूबाईंचा हात धरून चालत होते, आणि मला वेड्यासारखं हसू येत होतं. इतका आनंद मला इथे आल्यापासून कधी झाला नव्हता. कुणाचा राजा, कुठली साडेबारा वर्षं, आणि मी चिंब भिजून ताशावर नाचतेय.

गल्लीला वळसा घालून आम्ही परत ओमाच्या घरासमोर आलो. तिथे तिने स्कूटर हळू केली, मग थांबवली. तिच्या मागे सगळे थांबले. पथकवाल्यांना वाटलं, आता इथे वाजवायचं, म्हणून ते गोल करून वाजवायला लागले.

ओमाच्या खोलीतला दिवा तसाच होता. खिडकीत रिकामी खुर्ची दिसत होती. ओमाने त्या खिडकीकडे पाहिलं, खांद्यावरचा पट्टा सरळ केला आणि हात वर करून हलवायला लागली. मोठ्या माणसासारखा नाही. लहान मुलं करतात तसा, पंजा उघडमीट करत, भराभर.

सासूबाई माझ्या कानाशी ओरडल्या, "कुणाला हात करतायत गं? घरात कोण आहे?"

"गोवर झालेली एक मुलगी आहे, आई," मी म्हणाले. "तिला बाहेर येता येत नाहीये."

सासूबाईंनी डोळे बारीक करून त्या खिडकीकडे नीट पाहिलं. मग छत्री डाव्या हातात घेतली आणि त्याही हात हलवायला लागल्या.